मिस्ड कॉल आला, पण गोळी पोटात गेली का?

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. २०२५ मध्ये तो तेविसाव्या रोजाला आला. १८८२ साली याच तारखेला डॉ. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून हा दिवस पाळतात. आपल्या देशासाठी २०२५ चा दिवस जरा वेगळा होता. मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत सांगितलं होतं की जगाने टीबी संपवायला २०३० ची मुदत घेतली आहे, भारत ते काम २०२५ मध्येच करून दाखवेल. तेच ते २०२५ होतं.

राष्ट्रीय आराखड्यात उद्दिष्ट होतं, एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४४ नवे रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये हा आकडा १९५ होता. २०१५ मध्ये तो २३७ होता, म्हणजे घट झाली आहे, नाही असं नाही. पण १९५ वरून दोन वर्षांत ४४ वर कसं येणार होतं, हा प्रश्न माझ्या सातवीच्या वर्गातली पोरंही विचारतील. २०२३ मध्ये जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी २६ टक्के भारतात होते.

या मुदतीच्या धावपळीत एक शब्द सारखा कानावर पडतो, डिजिटल. प्रत्येक रुग्णाची नोंद 'निक्षय' पोर्टलवर, प्रत्येक रुग्णाला एक आयडी, गोळी घेतली की नाही ते मोबाइलवर दिसणार. ऐकायला चांगलं वाटतं. मी भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि विज्ञान शिकवते. डॉक्टर नाही, संगणकातली जाणकारही नाही. पण ही यंत्रणा दोन घरांत कशी चालली ते मी जवळून पाहिलं आहे. त्या दोन घरांमुळेच हा लेख लिहायला बसले.

पहिलं घर माझ्या विद्यार्थिनीचं. २०१९ ची गोष्ट. आठवीतली मुलगी, अभ्यासात बरी, पण रोज पहिला तास बुडायचा. दोनदा रागावले. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "टीचर, अम्मी का मिस्ड कॉल देना रहता है." मला काही कळेना. मग तिने सांगितलं. आईला टीबी झाला होता. गोळ्यांच्या पत्तीवर एक कागदी लिफाफा चिकटवलेला असायचा. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला एक फोन नंबर दिसायचा, आणि त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. घरात मोबाइल एकच, अब्बांचा. अब्बा लूमवर रातपाळीला. सकाळी ते घरी येणार, मग फोन मिळणार, मग आई गोळी काढणार, मुलगी नंबर लावणार आणि मगच शाळेला निघणार. आईला नंबर वाचता येत नव्हता.

पुढे अब्बा भावाच्या निकाहसाठी मुलुखाला, आझमगडकडे गेले आणि फोनही त्यांच्याबरोबर गेला. नऊ दिवस एकही मिस्ड कॉल नाही. सेंटरच्या यादीत बाई 'औषध न घेणारी' ठरली. सातव्या दिवशी आशाताई दारात आल्या आणि जरा चढ्या आवाजातच बोलल्या. त्या माऊलीने काही न बोलता बिस्किटाचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात रिकाम्या पत्त्या होत्या, एकही दिवस चुकला नव्हता. आशाताईंचं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

दुसरं घर आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या नात्यातलं. कॉलेजात जाणारा मुलगा, खिशात स्वतःचा स्मार्टफोन. त्याचे मिस्ड कॉल रोज वेळेवर यायचे, त्याच्या नावापुढे सगळे दिवस हिरवे. दोन महिन्यांनी थुंकी तपासली तर जंतू अजून तसेच. वजन वाढण्याऐवजी उतरलेलं. खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या, कॉलेजात मळमळायचं, म्हणून तो गोळी पत्तीतून काढायचा, कॉल द्यायचा आणि गोळी मोरीत टाकायचा. रोज नाही, पण आठवड्यात चार दिवस तरी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा, गोळी पचते का? विचारायची गरजच वाटली नाही, कारण मोबाइलमध्ये सगळं हिरवं होतं.

गोळ्या खाणारी बाई लाल, न खाणारा मुलगा हिरवा. आम्ही शिक्षक लोक ही गंमत चांगली ओळखतो. आमच्याही कितीतरी नोंदी आता पोर्टलवर असतात. हजेरी शंभर टक्के भरली म्हणून मुलांना अपूर्णांक आले असं होत नाही.

या यंत्रणेचं नाव ९९डॉट्स. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात ती तयार झाली आणि पुढे एव्हरवेल या कंपनीने चालवली. कल्पना खरंच हुशारीची आहे. नवीन यंत्र नको, साधा बटणांचा फोन पुरतो, कॉलला पैसे पडत नाहीत. गोळी बाहेर काढल्याशिवाय नंबर दिसत नाही, आणि पुढचा नंबर कोणता असेल हे रुग्णाला आधी कळत नाही. त्यामुळे कॉल आला म्हणजे गोळी पत्तीतून निघाली एवढं नक्की. पण गोळी हातात आली इथवरच यंत्राची नजर पोहोचते. हात ते तोंड हे शेवटचं वीतभर अंतर मिस्ड कॉलला मोजता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? जुनी पद्धत काय वाईट होती? तीही पाहायला हवी, कारण हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. १९५६ साली मद्रासमध्ये टीबीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातून सिद्ध झालं की रुग्णाला महिनोन्‌महिने सॅनेटोरियममध्ये ठेवायची गरज नाही, घरी राहून औषध घेतलं तरी तो तितकाच बरा होतो. जगभरच्या टीबी उपचारांची दिशा त्या अभ्यासाने बदलली. पण घरी औषध म्हटलं की प्रश्न आलाच, घरी तो घेतो कशावरून? त्या काळीही डॉक्टरांची माणसं न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायची आणि लघवीचा नमुना तपासायची. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. थॉमस मोल्डिंग यांनी तर गोळ्यांच्या डबीत फोटोची फिल्म आणि किंचित किरणोत्सारी पदार्थ बसवला होता. गोळ्या वेळेवर निघाल्या की राहून गेल्या, ते फिल्मवरच्या डागांवरून कळायचं! माणूस औषध घेतो का हे चोरून पाहण्याची हौस अशी जुनी आहे.

मग आली डॉट्स पद्धत, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यासमोर बसून गोळी गिळायची. २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. आठवड्यातून तीन दिवस सेंटरवर जायचं. बारा तासांच्या पाळीवर उभं राहणाऱ्या लूम कामगाराने सेंटरच्या वेळेत तिथे पोहोचायचं म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. आणि ओळखीच्या माणसाने तिथे पाहिलं तर गल्लीभर बातमी. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ महिन्यांच्या आत रोजच्या डोसची पद्धत आणायचा आदेश दिला. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण रोज गोळी म्हणजे सहा महिन्यांत जवळजवळ १८० वेळा, आणि रोज कुणाच्या समोर बसून ती घेणं कुणालाच शक्य नव्हतं. ही पोकळी भरायला मोबाइल आला.

हे काम कसं चाललं याचा अभ्यासही झाला आहे, आणि तोही आपल्या देशात. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या ९९डॉट्सच्या रुग्णांच्या घरी संशोधक न सांगता गेले, लघवीचा नमुना घेतला आणि त्या दिवसांच्या मिस्ड कॉलशी ताडून पाहिला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. लघवीत औषध सापडलं पण फोनच केला नव्हता, असे पुष्कळ रुग्ण निघाले. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची आई एकटी नव्हती. कारणंही ओळखीचीच, फोन दुसऱ्याच्या हातात, रेंज नाही, नंबर वाचता येत नाही, कॉल कशासाठी द्यायचा ते नीट समजावलंच नाही. यंत्राने दिलेली माहिती कर्मचाऱ्याला वाट दाखवण्याऐवजी भलत्याच दारावर नेत असेल, तर त्याचा वेळही फुकट आणि खरा अडचणीतला रुग्णही तसाच.

बाहेरच्या देशांतले तीन अनुभव यासोबत ठेवून पाहावेत. चीनमध्ये ३६ जिल्ह्यांत चार हजारांहून जास्त रुग्णांवर प्रयोग झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या महिन्यात पाचातला एक किंवा त्याहून जास्त डोस चुकले, तो महिना खराब धरला. नेहमीच्या पद्धतीत असे खराब महिने ३० टक्के होते. नुसता एसएमएस पाठवला तर २७ टक्के, म्हणजे फरक नसल्यासारखाच. आठवण करून देणारी आणि उघडल्याची नोंद ठेवणारी डबी दिली तर १७ टक्के. डबीतली नोंद पाहून डॉक्टर पुढच्या भेटीत त्यावर रुग्णाशी बोलत, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

इंग्लंडमध्ये रुग्णांनी गोळी गिळतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून पाठवायचा, असा प्रयोग झाला. ठरलेल्या भेटींपैकी ८० टक्के किंवा जास्त पूर्ण करणारे व्हिडिओ गटात ७० टक्के निघाले, समोर बसून गोळी घेणाऱ्या गटात फक्त ३१ टक्के. यातले बरेच लोक बेघर होते, तुरुंगात राहून आलेले होते, व्यसनात अडकलेले होते. पण एक गोष्ट आपल्याकडे सांगताना गाळली जाते. त्यांना स्मार्टफोन आणि डेटा प्रयोग करणाऱ्यांनीच फुकट दिला होता.

तिसरा अनुभव नैरोबीचा, २०१९ मधला. तिथे रुग्णाला रोज मेसेज जायचा, औषध घेतलं का? उत्तर आलं नाही तर पुन्हा मेसेज, तरीही गप्प असेल तर माणूस फोन करून चौकशी करायचा. उपचार फसण्याचं प्रमाण एरवीच्या १३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास आलं. मला तीनही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. यंत्राने काम केलं ते दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलेलं होतं तिथे. एसएमएस एकटाच सोडला तिथे तो बँकेच्या आणि लोनच्या मेसेजमध्ये हरवून गेला.

आता आपल्या घरांकडे येऊ. सगळ्या डिजिटल योजना गृहीत धरतात की रुग्णाचा एक मोबाइल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ ची. त्यात देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, आणि त्यांच्यातही मेसेज वाचता येणाऱ्या ७१ टक्के. हिशेब केला तर दहातल्या चारच बायका अशा निघतात की ज्यांना पाठवलेला मेसेज त्या स्वतः वाचू शकतात. बाकी सहा जणींचा मेसेज नवऱ्याकडे, भावाकडे, मुलाकडे किंवा कुणाकडेच जात नाही.

आणि नवऱ्याच्या फोनवर मेसेज गेला तर काय होतं? आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला सांगायला नको. टीबी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारत नाहीत, "छाती का मर्ज" म्हणतात. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर रिश्ता तुटेल म्हणून शेजारच्या सेंटरऐवजी दोन रिक्षा बदलून लांबच्या खाजगी डॉक्टरकडे नेतात. नव्या सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी पाठवतात, बरी झाल्यावर बघू म्हणून. ही आपल्याच घरांतली गोष्ट आहे, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. अशा सुनेच्या गोळ्यांची आठवण सासरच्या चार लोकांत फिरणाऱ्या फोनवर वाजली तर ती आठवण राहत नाही, चुगली होते. गोळ्यांची एक वेगळी डबीही वापरात आली आहे, ठरल्या वेळी तिच्यात दिवा लागतो आणि आवाज येतो. विसरणाऱ्या माणसाला ती फार उपयोगी. पण खोलीत सात जण राहत असतील तर डबी वाजताच सगळे विचारणार, हे काय आहे? मग लोक ती कपड्यांच्या ट्रंकेत खाली दडपून ठेवतात आणि गोळ्या वेगळ्या पुडीत घेतात. झाली डबी निकामी.

रमजानचंही बोलायला हवं. टीबीचा डोस दिवसातून एकदाच असतो, म्हणून बरेच रुग्ण सेहरीला गोळी घेऊन रोजा ठेवायचा विचार करतात. आजारी माणसाने रोजे पुढे पूर्ण करावेत ही सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ताप, अशक्तपणा, उलट्या असताना ती नाकारायचं कारण नाही. ज्याची तब्येत सावरली आहे त्याने वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. माझा मुद्दा वेगळा आहे. रमजानात रुग्णाची गोळीची वेळ बदलते, पण सेंटरमध्ये ती कुणी लिहून घेत नाही. त्यामुळे दुपारी "गोळी घेतलीत का" असा फोन येतो, रोजेदार झोपलेला असतो, फोन उचलत नाही आणि त्याच्या नावापुढे पुन्हा खूण. सेंटरमधल्या ताईला पहिल्या रोजालाच सांगून ठेवलं तर हा घोळ होत नाही. आमच्या गल्लीतल्या इमाम साहेबांनी गेल्या वर्षी जुम्याच्या बयानात दोन मिनिटं यावर घालवली होती. टीबी हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. मशिदीच्या माइकवरून मी तो पहिल्यांदाच ऐकला.

डिजिटलची एक बाजू मात्र मला मनापासून आवडते, आणि तिची जाहिरात सगळ्यात कमी होते. ती म्हणजे साधी नोंद. २०१२ साली टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी निक्षय सुरू झालं. आता सरकारी असो की खाजगी, रुग्णाला एक निक्षय आयडी मिळतो. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडी, इथला मजूर एका जागी राहत नाही. लूम बंद पडले, सण आला, घरी कुणी वारलं की तो गाडीत बसतो. पूर्वी तो गावी गेला की इथल्या वहीत 'सापडला नाही' आणि तिथल्या दवाखान्यात 'आधीचे कागद आणा'. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या भागातून माणसं कशी गेली ते आपण पाहिलं आहे, भांडी सोडून गेली, तिथे केस पेपर कोण सांभाळणार? आयडी असेल तर इथलं सेंटर रुग्णाची नोंद गावाजवळच्या सेंटरकडे ऑनलाइन वर्ग करू शकतं आणि राहिलेला कोर्स तिथे चालू होतो. यासाठी रुग्णाने रोज काही करायचं नसतं. फक्त निघण्याआधी सेंटरला सांगायचं आणि तो आयडी पाकिटात लिहून ठेवायचा. माझं मत विचाराल तर लिफाफ्यातल्या मिस्ड कॉलपेक्षा या एका नंबरने आपल्या कामगारांचं जास्त भलं केलं आहे.

रुग्ण गोळी का सोडतो, याचं उत्तर तर कुठल्याच ॲपमध्ये नसतं. चार औषधं एकत्र असलेल्या या गोळ्या वजनाप्रमाणे एका वेळी तीन-चार घ्याव्या लागतात. लघवी लालसर नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, आणि घाबरायचं काही नसतं. पण हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून औषध बंद करतो. उलट्या, सांधे दुखणं, क्वचित कावीळ किंवा नजर धूसर होणं, यातलं काय सहन करायचं आणि कशासाठी लगेच डॉक्टर गाठायचा हे त्याला कुणीतरी बसून सांगावं लागतं. आणि दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागली की वाटतं बरे झालो. खरी गोळी तिथेच सुटते. अर्धवट सोडलेल्या औषधातून जंतू निर्ढावतात. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने मुंबईत काय केलं ते २०१२ च्या सुरुवातीला डॉ. झरीर उदवाडिया यांनी जगापुढे आणलं होतं. अशा टीबीसाठी आता सहा महिन्यांचा नवा उपचार केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केला आहे, आधी दीड-दोन वर्षं जायची. पण साधा टीबी साध्या गोळ्यांनी बरा होण्यासारखं सुख त्यात नाही.

रिकाम्या पोटी तर हे औषध सोसतच नाही. झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. सरकारची निक्षय पोषण योजना महिन्याला ५०० रुपये द्यायची, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हेही पैसे थेट खात्यात येतात, म्हणजे पुन्हा आधार, पुन्हा बँक, पुन्हा नावाचं स्पेलिंग. आपल्याकडे 'मोहम्मद' एका कागदावर 'मो.', दुसऱ्यावर 'मोहंमद', तिसऱ्यावर 'एमडी'. बीबी, बानो, खातून यांचा हिशेब वेगळाच. आमच्या शाळेत स्कॉलरशिपच्या वेळी या नावांनी आम्हाला रडवलं आहे, त्यामुळे टीबीच्या रुग्णाचे पैसे कुठे अडकत असतील याचा मला अंदाज आहे. औषध चालू झालं त्याच आठवड्यात आधार आणि पासबुकावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

आणि कधी कधी चूक रुग्णाची नसतेच. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना पत्र पाठवून कळवलं की तीन महिन्यांपुरती औषधं तुमच्या तुम्ही विकत घ्या. त्या दिवसांत सेंटरवरून रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसाने मिस्ड कॉल कशाचा द्यायचा? रुग्णाने एक डोस चुकवला तर त्याच्या नावापुढे खूण पडते. सरकारकडून डोस चुकला तर कुणाच्या नावापुढे पडते, हा प्रश्न टीबी दिनाच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवण्याआधी विचारायला हरकत नाही. रोज हजेरी घ्यायची तर दोन्ही बाजूंची घ्या.

आशाताईंनाही मी दोष देणार नाही. त्यांच्या एका फोनमध्ये टीबीशिवाय लसीकरण, गरोदर माता, सर्वेक्षण असं काय काय असतं, आणि लाल झालेल्या प्रत्येक नावामागे पायी जायचं तर दिवस पुरत नाही. मला वाटतं मोबाइलने त्यांची पायपीट कमी करायला हवी होती, म्हणजे ज्याच्याकडे खरंच जायला हवं त्याच्याचकडे त्या जातील. आज तो त्यांना सगळ्यांकडे पाठवतो आणि कॉलेजच्या त्या मुलाकडे पाठवत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी त्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. नशीब बलवत्तर म्हणून जंतू अजून औषधाला दाद देणारे निघाले. उलट्यांवर गोळी दिली, औषधाची वेळ रात्रीची केली, आणि रोज रात्री त्याच्या आजीने समोर बसून गोळ्या घ्यायला लावल्या, तोंड उघडून दाखव म्हणायची. कोर्स नऊ महिने चालला. माझ्या विद्यार्थिनीची आई सहा महिन्यांतच बरी झाली. मुलगी दहावी झाली, तिच्याकडे आता स्वतःचा फोन आहे.

आपल्या घरात किंवा शेजारी कुणी हे औषध घेत असेल तर या आठवड्यात एक काम करा. सेंटरमध्ये जाऊन विचारा की रुग्णाच्या नावापुढे मोबाइल नंबर कुणाचा नोंदवला आहे, आणि तो माणूस दिवसभर रुग्णाजवळ असतो का. नसेल तर नंबर बदलून घ्या. तो सासरच्या कुणाचा नको असेल तर रुग्णाच्या बहिणीचा, मैत्रिणीचा, शिक्षिकेचा द्या. औषध मिळत नसेल, त्रास होत असेल, पैसे आले नसतील तर निक्षयचा टोल फ्री नंबर १८००-११-६६६६ आहे, आणि तो कुणाच्याही फोनवरून लागतो.